शंका-समाधान : अमेरिकेचे डिझेल इंजिन आपल्या रुळांवर

डिझेल रेल्वे इंजिनांवरचा लेख प्रसिद्ध झाल्यावर आळेफाटा, ओतूर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातून बरीच पत्रे आली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वेचा रूळ नाही. तरीही प्रश्न नेमके आहेत, कारण विहिरीवरचे इंजिन, ट्रॅक्टर आणि माळशेज घाट चढून येणारे ट्रक यांमुळे डिझेल इथल्या माणसाच्या रोजच्या ओळखीचे आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

शंका : आळेफाट्यावर माझे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे. ट्रकला क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळे लागते. मालगाडीचे इंजिन तर दोन-तीन हजार टन ओढते. त्याचा गिअरबॉक्स केवढा असतो? चालक गिअर कसा बदलतो?
*– एक गॅरेजचालक, आळेफाटा*

समाधान : आपल्याकडच्या मोठ्या डिझेल इंजिनांना गिअरबॉक्सच नसतो. डिझेल इंजिन बंद स्थितीतून वजन ओढू शकत नाही. आधी ते सुरू करून ठरावीक फेऱ्यांवर आणावे लागते आणि मग त्यावर भार टाकावा लागतो. ट्रकमध्ये हे काम क्लच आणि गिअर करतात. हजारो अश्वशक्ती आणि हजारो टन वजन यांच्यामध्ये घर्षणाचा क्लच बसवला तर तो जळून जाईल. म्हणून मधला दुवा विजेचा केला.

डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट थेट जनरेटर फिरवतो. जनरेटरची वीज जाड केबलमधून चाकांजवळच्या ट्रॅक्शन मोटरींना जाते. आपल्याकडे सर्वांत जास्त चाललेल्या डब्ल्यूडीएम-२ या इंजिनाला सहा आस आणि प्रत्येक आसाला एक, अशा सहा मोटरी होत्या. मोटरीच्या टोकाला १८ दात्यांचे लहान चक्र आणि आसावर ६५ दात्यांचे मोठे चक्र. ही एकच जोडी, ती कधी बदलायची नाही. चालकाच्या हाती आठ नॉचचा, म्हणजे आठ टप्प्यांचा, थ्रॉटल असतो. गाडी हलताना मोटरी सर्वांत जास्त करंट घेतात आणि त्याच वेळी त्यांची ओढही सर्वांत जास्त असते. या इंजिनाची सुरुवातीची ओढ ३० टनांच्या आसपास होती.

इंजिनाच्या फेऱ्या आणि जनरेटरचा भार यांचा मेळ ही यातली अवघड बाब होती. भार जास्त झाला तर इंजिन दबून बंद पडते, कमी झाला तर ताकद वाया जाते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते हर्मन लेम्प यांनी एकाच लिव्हरने दोन्ही सांभाळणारी पद्धत बसवली. डिझेल-विद्युत इंजिन रोजच्या कामाला योग्य ठरले ते या नियंत्रणामुळे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. उतारावर याच मोटरी जनरेटरसारख्या चालवता येतात. गाडीचा वेग वीज तयार करण्यात खर्च होतो, ती वीज रोधकांच्या जाळीत उष्णता होऊन निघून जाते आणि ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत. याला डायनॅमिक ब्रेक म्हणतात. घाटात ट्रक उतरवताना ब्रेक तापण्याचा धोका तुम्ही जाणताच.

शंका : आमच्या विहिरीवर वडिलांच्या काळातले पाच हॉर्सपॉवरचे किर्लोस्कर इंजिन आहे. रेल्वेचे इंजिन आणि हे इंजिन एकाच जातीचे का? आपल्या मराठी कारखानदारांचा या अमेरिकन इतिहासाशी काही संबंध आहे का?
*– एक शेतकरी, बेल्हे*

समाधान : तत्त्व एकच आहे. दोन्हींत स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा, तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेतील हक्क सेंट लुईसचे बिअर उत्पादक अ‍ॅडॉल्फस बुश यांनी विकत घेतले.

आता आकार पाहा. तुमचे इंजिन पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ असेल तर त्याच्या एकुलत्या एका सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर असते. म्हणजे आतली जागा सुमारे अर्धा लिटर आणि फेऱ्या मिनिटाला १,५००. डब्ल्यूडीएम-२ मध्ये १६ सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ९ इंच, धाव साडेदहा इंच, म्हणजे एका सिलिंडरमध्ये जवळजवळ ११ लिटर. सोळांचे मिळून १७५ लिटर आणि फेऱ्या मिनिटाला १,०००. त्यातून २,६०० अश्वशक्ती निघते. फेऱ्या कमी असूनही दर लिटरमागे या इंजिनाची ताकद तुमच्या इंजिनापेक्षा दीडपटीहून जास्त भरते. त्याचे कारण टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो.

मराठी संबंध तर फार जवळचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगरापासून सुरुवात केली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच देशी डिझेल इंजिन बनवले होते. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कमिन्स कंपनीबरोबर किर्लोस्करांनी भागीदारी केली आणि कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला. आज ती कंपनी कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाते. म्हणजे बनारसच्या रेल्वे कारखान्यात अमेरिकन तंत्राने डिझेल इंजिने बनू लागली त्याच सुमारास पुण्यातही अमेरिकन डिझेल इंजिने बनवण्याचे शिक्षण सुरू झाले होते.

शंका : अमेरिकेत वाफेची प्रचंड इंजिने बनवणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांच्याकडे पैसा होता, कारागीर होते, गिऱ्हाईक होते. मग डिझेलच्या जमान्यात त्या का टिकल्या नाहीत?
*– एक निवृत्त शिक्षक, ओतूर*

समाधान : तुमचा प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

वाफेच्या काळात अमेरिकेत तीन मोठी नावे होती. फिलाडेल्फियाची बाल्डविन, न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीची अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी ऊर्फ अ‍ॅल्को आणि ओहायोतील लायमा. बाल्डविनने १८३० च्या दशकापासून ७०,००० हून अधिक इंजिने बनवली. अ‍ॅल्को १९०१ मध्ये स्केनेक्टडीचा कारखाना आणि आणखी सात कारखाने एकत्र येऊन स्थापन झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेची ‘बिग बॉय’ ही अवाढव्य वाफेची इंजिने १९४१ पासून अ‍ॅल्कोनेच घडवली.

या कंपन्यांची कामाची रीत अशी होती की प्रत्येक रेल्वेचा मुख्य यांत्रिक अभियंता आपल्या चढणी, आपला कोळसा, आपले पाणी पाहून इंजिनाचा आराखडा सांगायचा आणि कारखाना तो घडवून द्यायचा. आज एका रेल्वेसाठी वीस इंजिने, उद्या दुसरीसाठी वेगळ्याच मापाची दहा. हे ऑर्डरप्रमाणे घडवण्याचे काम होते. त्यात कौशल्य अपार होते, पण एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नव्हती.

मोटारगाड्यांच्या धंद्याची रीत वेगळी होती. एक नमुना ठरवायचा, त्याचे भाग काटेकोर मापात हजारोंनी बनवायचे आणि कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसला पाहिजे. अ‍ॅल्कोच्या पिट्सबर्गजवळच्या कारखान्याचे व्यवस्थापक वॉल्टर क्रायस्लर १९१० च्या सुमारास ती नोकरी सोडून ब्युइकमध्ये मोटारी बनवायला गेले. पुढे त्यांच्या नावाची स्वतंत्र मोटार कंपनीच निघाली. कर्तृत्ववान माणसे कुठल्या बाजूला चालली होती, हे यावरून कळते.

मोटारींची ही रीत रुळांवर आणली जनरल मोटर्सने. १९२२ मध्ये क्लीव्हलँडला सुरू झालेली इलेक्ट्रो-मोटिव्ह ही छोटी कंपनी आणि तिला इंजिने पुरवणारी विंटन कंपनी, या दोन्ही जनरल मोटर्सने १९३० मध्ये विकत घेतल्या. संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी हलके, टू-स्ट्रोक डिझेल इंजिन तयार करवले. २६ मे १९३४ रोजी त्या इंजिनावर चालणारी ‘झेफर’ ही चकचकीत पोलादी गाडी डेन्व्हरहून शिकागोला १,०१५ मैल न थांबता १३ तास ५ मिनिटांत पोचली. १९३५ मध्ये शिकागोजवळ ला ग्रेंजला इलेक्ट्रो-मोटिव्हचा कारखाना उभा राहिला. १९३९ मध्ये एफटी नावाचे चार जोड-भागांचे ५,४०० अश्वशक्तीचे मालगाडीचे इंजिन बाहेर पडले. ते ११ महिने वीस रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर फिरवले. ८३,००० मैलांहून जास्त चालले. पाहणाऱ्यांना कळून चुकले की वाफेचे दिवस संपत आले.

इलेक्ट्रो-मोटिव्हने गिऱ्हाइकाला आपला ठरलेला नमुनाच विकला. त्याबरोबर सुटे भाग तयार ठेवले आणि रेल्वेच्या चालकांना व फिटरांना शिकवण्याची सोय केली. डिझेल, जनरेटर, मोटर हे सगळे एका छताखाली बनवले. बिघाड झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्नच उरला नाही.

अ‍ॅल्कोचे नेमके इथेच चुकले. डिझेलमध्ये ती कंपनी मागाहून आली, असे म्हणता येणार नाही. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि इंगरसोल-रँड यांच्याबरोबर तिने बनवलेले ३०० अश्वशक्तीचे शंटिंग इंजिन (यार्डात डबे हलवणारे) अमेरिकेतले व्यवहारात यशस्वी ठरलेले पहिले डिझेल इंजिन मानले जाते. पण ताकद विभागली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारच्या युद्ध उत्पादन मंडळाने मालगाड्यांच्या मोठ्या डिझेल इंजिनांचे काम इलेक्ट्रो-मोटिव्हकडे ठेवले आणि अ‍ॅल्को-बाल्डविनकडे मुख्यतः वाफेची व शंटिंगची इंजिने. युद्ध संपल्यावर मागे पडलेले अंतर भरून काढायला अ‍ॅल्कोने १९४६ च्या सुमारास ‘२४४’ हे डिझेल इंजिन घाईने बाजारात आणले. त्याचे क्रँकशाफ्ट आणि टर्बो त्रास देऊ लागले. पुढे आलेले ‘२५१’ हे इंजिन खरोखर उत्तम होते, पण तोवर गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला होता. शिवाय जनरेटर आणि मोटरी अ‍ॅल्को स्वतः बनवत नसे, त्या जनरल इलेक्ट्रिककडून येत. १९६० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने पेनसिल्व्हेनियातील ईरीच्या कारखान्यातून स्वतःचीच पूर्ण इंजिने विकायला काढली. पुरवठादारच प्रतिस्पर्धी झाला.

लायमा १९५० च्या सुमारास बाल्डविनमध्ये विलीन झाली. बाल्डविनने १९५६ मध्ये इंजिने बनवणे थांबवले. अ‍ॅल्को १९६९ मध्ये बंद पडली. तुम्ही म्हणता तसे पैसा, कारागीर आणि गिऱ्हाईक तिघांकडेही होते. बदललेल्या उत्पादनाची रीत वेळेवर शिकण्यात त्या कमी पडल्या.

शंका : जी कंपनी अमेरिकेत बुडाली तिचेच इंजिन भारताने का निवडले? आणि कंपनी बंद पडल्यावर आपले काय झाले?
*– इतिहासाची एक विद्यार्थिनी, नारायणगाव*

समाधान : पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते. जनरल मोटर्स इंजिन द्यायला तयार होती आणि अ‍ॅल्को इंजिन बनवायला शिकवायलाही तयार होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकची १५ छोटी शंटिंग इंजिने भारतात आली होती. १९५७-५८ मध्ये अ‍ॅल्कोची १०० इंजिने आली. ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गांवर डिझेलचे युग त्यांनी सुरू केले. १९६२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी उभे राहिले. अ‍ॅल्कोचे डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४, दोन्ही २,६०० अश्वशक्तीची. जनरल मोटर्सचे इंजिन कामात कुठेही कमी नव्हते. १९६९ मध्ये हावडा-दिल्ली राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा ती डब्ल्यूडीएम-४ नेच ओढली. तरीही त्यांची संख्या ७२ वरच थांबली, कारण त्यांचे तंत्रज्ञान मिळत नव्हते.

बनारसच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सची पायाभरणी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते एप्रिल १९५६ मध्ये झाली. १९६१ मध्ये कारखाना सुरू झाला. जानेवारी १९६४ मध्ये तिथले पहिले डब्ल्यूडीएम-२ लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाच्या सेवेत दाखल झाले. सुरुवातीची इंजिने अमेरिकेहून आलेल्या भागांची जुळणी करून बनवली होती. मग एकेक भाग इथेच बनू लागला.

पाचच वर्षांनी स्केनेक्टडीचा कारखाना बंद झाला. आराखडे, मापे, साचे आणि शिकलेली माणसे हाताशी नसती तर प्रत्येक सुट्या भागासाठी आपण जगभर हात पसरले असते. तसे झाले नाही. बनारसने अडीच हजारांहून अधिक डब्ल्यूडीएम-२ बनवली. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वे संशोधन संस्थेने त्यांतल्या अ‍ॅल्कोच्या ‘२५१’ इंजिनाची ताकद २,६०० वरून ३,१०० आणि पुढे ३,३०० अश्वशक्तीपर्यंत नेली. पतियाळाच्या कारखान्यात जुनी इंजिने उघडून नव्याने बांधली जाऊ लागली. तंझानिया, बांगलादेश, श्रीलंका या देशांना आपण इंजिने विकली. जन्मदात्या कंपनीनंतर अर्धशतक तिचे इंजिन भारतात बनत आणि धावत राहिले.

मी डिझेल शेडमध्ये नोकरी केली आहे. शेडच्या खड्ड्यात उतरून पिस्टन, लायनर, बेअरिंग बदलणाऱ्या फिटरांचे हात मी पाहिले आहेत. या दीर्घायुष्याचे श्रेय बनारसइतकेच देशभरातल्या अशा शेडना जाते.

तुम्ही इतिहासाच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून दुसरी बाजूही लिहून ठेवा. आपण बनवायला शिकलो, सुधारायला शिकलो, पण ‘२५१’ ची जागा घेणारे पुढच्या पिढीचे इंजिन स्वतः आखले नाही. १९९५ मध्ये ४,००० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या तंत्रज्ञानासाठी आपण जनरल मोटर्सशी करार केला. या वेळी ती तंत्रज्ञान द्यायला तयार होती. माझ्या मते या साठ वर्षांच्या हिशेबात जमा आणि खर्च दोन्ही असे स्पष्ट मांडले पाहिजेत.

शंका : मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाताना पुण्याला इंजिन बदलायचे. नवे इंजिन निघताना काळ्या धुराचे लोट सोडायचे. हे कशामुळे? आणि उभ्या गाडीचे इंजिन चालूच का ठेवत?
*– एक प्रवासी, मंचर*

समाधान : मुंबई-पुणे मार्गावर १९३० च्या आधीच वीज आली होती, त्यामुळे बोरघाटाने विजेची इंजिने फार लवकर पाहिली. पुण्याच्या पुढे मिरजेच्या आणि दौंडच्या बाजूला मात्र वीज अलीकडे पोचली. म्हणून पुण्याला विजेचे इंजिन काढून डिझेल लावायचे आणि ते बरेचदा घोरपडीच्या शेडचे असायचे.

धुराचे कारण टर्बोत आहे. चालकाने नॉच वाढवला की डिझेलचा पुरवठा लगेच वाढतो, पण टर्बो धुराच्या जोरावर फिरत असल्याने त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होते. न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. नोझल किंवा इंधन पंप झिजला असेल तर धूर आणखी वाढतो. नंतरच्या जनरल मोटर्स बनावटीच्या इंजिनांत कमी वेगाला टर्बो इंजिनाच्या गिअरनेच फिरवला जातो आणि पुरेसा धूर मिळाला की तो आपोआप सुटा होतो. म्हणून त्यांचा धूर कमी दिसतो.

इंजिन चालू ठेवण्यामागे ब्रेक हे मोठे कारण. गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर पुरवतो. इंजिन बंद केले की हळूहळू दाब उतरतो. शिवाय एवढे मोठे इंजिन बॅटरीवर पुन्हा सुरू होईल की नाही, ही धास्ती असायची. उभ्या इंजिनात डिझेल वाया जाते हे रेल्वेलाही ठाऊक होते. म्हणून अलीकडच्या इंजिनांत एक छोटे सहायक इंजिन बसवले गेले. मोठे बंद ठेवून बॅटरी आणि हवेचा दाब तेवढा ते सांभाळते.

शंका : आता तर सगळीकडे विजेची इंजिने आहेत. मग त्या अमेरिकन कंपन्यांचे पुढे काय झाले? आपल्या भागात त्यांचे काही आहे का?
*– एक व्यापारी, घोडेगाव*

समाधान : जनरल मोटर्सने इलेक्ट्रो-मोटिव्ह २००५ मध्ये विकली आणि २०१० पासून ती कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेल या कंपनीकडे आहे. जनरल इलेक्ट्रिकचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेक कंपनीत विलीन झाला. त्याआधी २०१५ मध्ये भारतीय रेल्वेशी १,००० डिझेल इंजिनांचा करार झाला होता. त्यासाठी बिहारमधील मढौरा येथे रेल्वेच्या भागीदारीत कारखाना उभारला गेला. त्या कारखान्यातून २०२५ मध्ये आफ्रिकेतील गिनी देशाला इंजिने जाऊ लागली.

बनारसचा कारखाना आता विजेची इंजिने बनवतो. २०१८ मध्ये तिथे जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर करून विजेचे जोड-इंजिन बनवले होते. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ गेले आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला.

आपल्या बाजूला म्हणाल तर पुणे-नाशिक महामार्गावरच्या चाकणला जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना २०१५ मध्ये सुरू झाला आणि फलटणला कमिन्सची मोठी वसाहत आहे. तुम्ही पुण्याला जाता-येता चाकण ओलांडताच. अमेरिकन कारखानदारी तुमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर येऊन पोचली आहे.

शंका : पुणे-नाशिक रेल्वे आमच्या भागातून गेली तर आम्हाला डिझेल इंजिन पाहायला मिळेल का?
*– एक वाचक, आळे*

समाधान : प्रवासी गाड्यांना नाही. देशातील ब्रॉडगेजचे जाळे जवळजवळ सगळे विजेवर आले आहे आणि नवे मार्ग विजेसकटच आखले जातात. मार्ग बांधताना खडी, रूळ आणि स्लीपर आणणाऱ्या गाड्यांना मात्र डिझेल इंजिन लागते, कारण तारा सर्वांत शेवटी लागतात. अपघात झाला किंवा तारा तुटल्या तरी डिझेलच धावून येते.

पुणे-नाशिक मार्गाची मूळ आखणी खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या परिसरातून जात होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात आणि धावत्या रेल्वेमुळे त्यांत व्यत्यय येऊ शकतो. या कारणाने रेल्वे मंत्रालयाने ती आखणी बदलण्याची भूमिका घेतली. तुमची रेल्वेची मागणी रास्त आहे. जगातले खगोलशास्त्रज्ञ ज्या दुर्बिणीवर काम करायला येतात ती तुमच्या तालुक्यात आहे, हेही तितकेच मोलाचे आहे. दोन्ही टिकतील असा मार्ग निघावा, असे मला मनापासून वाटते.

तोवर मुलांना कोथरूडचे जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर दाखवा.

शंका : मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला आहे. मित्र म्हणतात, डिझेल संपले, चूक केलीस. काय करू?
*– एक विद्यार्थी, जुन्नर*

समाधान : मित्रांचे अर्धेच ऐक. रुळांवरचे डिझेल कमी होत आहे, हे खरे. पण जनरेटर, ट्रॅक्टर, जेसीबी, बोटी, रुग्णालयांची आणीबाणीची वीज हे सगळे अजून डिझेलवर आहे आणि बरीच वर्षे राहील. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीतही तुझा ट्रेड चालतो.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. वर ओतूरच्या गुरुजींना दिलेले उत्तर पुन्हा वाच. अ‍ॅल्कोकडे डिझेल होते, विजेचा भाग दुसऱ्याकडे होता आणि तिथेच ती अडकली. तू इंजिन शिकतो आहेस, त्याला मोटर, जनरेटर आणि कंट्रोल सर्किटची जोड दे. मल्टिमीटर हाताळायला शीक. मायक्रोमीटरने माप घेताना अंदाजाने आकडा लिहू नकोस. बनारसच्या कामगारांना अमेरिकेच्या आराखड्यावरून पहिला भाग बनवताना जी शिस्त लागली तीच तुला लागणार आहे.

आणि एखादा भाग बदललास की तो का झिजला, हे विचारल्याशिवाय काम संपले असे समजू नकोस. आपल्या देशाने परदेशी इंजिन बनवायला आणि दुरुस्त करायला उत्तम शिकून दाखवले. ते नव्याने आखण्याचे काम तुझ्या पिढीकडे राहिले आहे. शिक्षण पूर्ण कर आणि कामाला लागल्यावर तुझ्या शंका मला अवश्य लिही.